भारीतलं पेट्रोल

आई गेल्यानंतर आमच्या घरात जे काही बोलणं उरलं होतं, ते पेट्रोलवरून व्हायचं. एरवी दिवसच्या दिवस "चहा ठेवलाय", "दूधवाला आला होता", "टीव्ही बंद करू का" एवढ्यावर भागायचं. पण पेट्रोलचा विषय निघाला की बाबा खुर्चीत सावरून बसायचे, मी पुस्तक बाजूला ठेवायची, आणि जेवणं होईपर्यंत आमचं भांडण पुरायचं. ज्या घरात पेट्रोलवरून भांडण होतं त्या घरात चारचाकींची रांग असेल असं कुणाला वाटेल. आमच्याकडे एकच होती, सेकंडहँड, पांढरी, त्या काळी प्रत्येक बिल्डिंगखाली उभी असायची तसलीच लहान गाडी.

घर वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत, तिसऱ्या मजल्यावर. लालबागची खोली विकून आईनेच हट्टाने घेतलेलं. चाळीत आमचं दार दिवसभर उघडं असायचं आणि कुणीही कधीही आत डोकवायचं, त्याला ती कंटाळली होती. "आपलं दार, आपली बेल," असं ती नव्या घराबद्दल कौतुकाने सांगायची. ती होती तोवर बेल सारखी वाजायची, कारण कुणाला विरजण हवं असायचं, कुणाला सुईदोरा. ती गेल्यावर बेल वाजेनाशी झाली. लोक वाईट नव्हते. दोन अबोल माणसांच्या घरी येऊन बोलायचं काय, हा त्यांचाही प्रश्न असणार. मग घराचे आवाज ऐकू येऊ लागले, जे आधी कधी ऐकले नव्हते. दुपारी पाण्याचा टँकर यायचा, त्याची मोटर खाली घरघरायची. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या भिंतीतून यायच्या आणि बाबा आपल्याकडच्याच समजून उठून गॅस बारीक करायला जायचे. बाबांनी कंपनीतून व्हीआरएस घेतली होती, त्यामुळे ते दिवसभर घरीच. मी कॉलेजातून परत यायची तेव्हा ते पेपर पुढे धरून बसलेले असायचे. कितीतरी वेळा पान तेच असायचं.

स्वयंपाक माझ्याकडे आला होता. आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं मी करून बघायची. तिरफळं तीच, कोकमं तीच, गावाहून आलेली. चव यायची नाही. बाबा गप्प जेवायचे आणि ताट उचलून मोरीत ठेवायचे. एकदा मी मीठच घालायला विसरले, तेही त्यांनी तसंच संपवलं. वाईट झालंय म्हणाले असते तर मला खरंच बरं वाटलं असतं. आईने त्यांना जन्मभर "जेवताना काही बोला तरी" म्हणून टोमणे मारले, आणि आता बोलायला लावणारीच नव्हती. मी अठरा-एकोणीसची होते. त्या वयात माणसाला वाटतं की दुःख आपल्यालाच झालंय आणि बाकीचे नुसते बसलेत.

गाडी घेतली ती आईसाठी. तिच्या हृदयाचं दुखणं वाढत चाललं होतं, रिक्षाचे धक्के सोसवेनात. व्हीआरएस घेतल्याबरोबर बाबांनी पहिलं काम ते केलं. गाडी चालवायला त्यांना शिकवलं फिलिपकाकांनी. हे बाबांच्याच कंपनीतले, पश्चिमेच्या गिरीज गावात त्यांची केळीची वाडी. रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून आले की ते बाबांना वाडीतल्या अरुंद रस्त्यांवर घेऊन जायचे. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये आमची गाडी, मागे आई आणि मी. आई मांडीवर स्टीलचा डबा घेऊन अशी बसायची की जणू कुणाच्या साखरपुड्याला निघालीय. फिलिपकाका शिकवायचे आपल्या पद्धतीने. "साळवी, गाडी सुटली ना, की टॉप गिअरमध्ये टाकायची नि विसरून जायचं. खालच्या गिअरला गाडी पेट्रोल पिते. सारखा गिअर बदलणारा माणूस घर बुडवतो." ही शिकवण त्यांच्या एकट्याची नव्हती. त्या काळी गाडी घेतलेल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घराचा तो मंत्रच होता. ॲव्हरेज किती देते हे मुलाच्या मार्कांसारखं एकमेकांना विचारलं जाई. बाबा काटकसरी माणूस. त्यांनी तो मंत्र असा घोटला की एकदा टॉप पडला की तो काढणं त्यांच्या जिवावर यायचं.

त्या दिवसाबद्दल थोडक्यातच लिहिते. सकाळी आईला धाप लागली, ओठ निळसर दिसायला लागले. ॲम्ब्युलन्सची वाट बघण्यापेक्षा गाडी खालीच होती. आईचे डॉक्टर, हॉस्पिटल सगळं पश्चिमेला. म्हणजे रेल्वेवरचा पूल ओलांडायचा. एरवी तिकडे जाताना स्टिअरिंगवर फिलिपकाका असायचे. मी मागे, आईचं डोकं माझ्या मांडीवर. पुलाचा चढ लागला आणि गाडी गचके द्यायला लागली, खडखड आवाज करायला लागली, आणि माथ्यावर पोचता पोचता बंद पडली. बाबा चावी फिरवत राहिले. मागून हॉर्न. शेवटी गाडी सुरू झाली, आम्ही पोचलो, आईला आत नेलं. संध्याकाळी ती गेली. डॉक्टर बाबांना म्हणाले की पुलावरच्या त्या थोड्या वेळाने काही फरक पडला नसता, झटका मोठा होता. बाबांनी मान हलवली. डॉक्टर असं म्हणतातच, हे ती मान सांगत होती.

त्याच सुमारास पंपांवर नवीन पेट्रोल आलं होतं, जास्त ऑक्टेनचं. वेगळ्या रंगाचं मशीन, वेगळा पाइप, मोठा फलक, आणि भाव साध्यापेक्षा चढा. आम्ही त्याला भारीतलं म्हणायचो. आईचे दिवस झाल्यावर बाबा पहिल्यांदा पंपावर गेले ते थेट त्या मशीनपाशी. मला आश्चर्य वाटलं. जो माणूस कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालतो, तो निमूट भारीतलं भरतो? विचारलं तर म्हणाले, "गाडीला चांगलं असतं. इंजिन साफ राहतं, ताकद वाढते." मी म्हटलं, कशावरून? ते म्हणाले, "चालवतो मी, कळतं मला. लोण्यासारखी जाते." आणि खरोखर, हायवेच्या बाजूला सपाट रस्त्यावर ती लोण्यासारखी जायची, पण साध्या पेट्रोलवरही जायचीच की. असं आमचं भांडण सुरू झालं.

मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जेवढं सगळं कळतं तेवढं पुढे कधीच कळत नाही. केमिस्ट्रीच्या मॅडमना गाठून मी ऑक्टेनचं विचारलं. त्या वसईतल्याच पापडी गावच्या, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "अगं, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सहनशक्ती. इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतात, मग ठिणगी पडते. काही पेट्रोल नुसत्या दाबानेच, ठिणगीच्या आधी पेटतं, मग इंजिन ठोके देतं. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त दाब सोसतं, आपली वेळ येईपर्यंत पेटत नाही. एवढंच." मग साध्या गाडीला फायदा? "तुमच्या गाडीचं इंजिन तेवढं दाबतच नाही गं. ज्या घरात कुणी त्रास देत नाही तिथे सोशीक सून काय नि तापट सून काय! कंपनीने साधं सांगितलंय ना, साधं घाला. रेसच्या गाडीला लागतं ते."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं ऐकवलं, सुनेसकट. बाबांच्या ओठांवर जरासं हसू आलेलं मी पाहिलं, कितीतरी महिन्यांनी. पण हरायला ते तयार नव्हते. "तुझ्या मॅडमकडे गाडी आहे?" मी म्हटलं, स्कूटर आहे. "मग?" म्हणाले, जणू संपलंच. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, नव्या मुद्द्यांसह. मी लायब्ररीतून मुद्दे आणायची, ते पंपावरच्या फलकावरून. मला जिंकायचं होतं हे खरं, पण त्याहून खरं हे की रात्रीच्या जेवणाला घरात माणसाचा आवाज असायचा. आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून लोक हिरीरीने भांडतात, जुन्या गाड्या बाद होतील, ॲव्हरेज घटेल, वगैरे वगैरे. मी सगळं वाचते आणि एक अक्षर लिहीत नाही. तो विषय मी एकाच माणसाशी बोलले आहे.

मग एका रविवारी पंपावर नेहमीचा माणूस नव्हता. नवा होता. त्याने सवयीने विचारलं, "काका, साधं टाकू ना? या गाडीला साधंच घालतात सगळे." मी मागून विजयाने काही बोलणार तोच बाबा त्याला म्हणाले, "साधंच होतं त्या दिवशी. पुलावर गाडी मेली. मागे माझी बायको होती." आवाज चढवला नाही, अगदी हवापाण्याचं बोलावं तसे. "पुन्हा साधं नाय घालायचं या गाडीत." तो माणूस ओशाळून "सॉरी काका" म्हणाला आणि भारीतल्या मशीनकडे वळला.

मी गाडीत बसून होते. बाबांनी आईबद्दल मला इतक्या महिन्यांत जे सांगितलं नाही ते एका अनोळखी माणसाला टाकी भरता भरता सांगितलं, याचा मला आधी रागच आला. मग बाकीचं उमगत गेलं. गावाकडे कुणी गेलं की जवळचा माणूस त्याच्या नावाने एखादी भाजी सोडतो, एखादं फळ सोडतो. बाबांनी साधं पेट्रोल सोडलं होतं. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आई गेल्यापासून बाबांनी त्या पुलावर गाडी घातलेली नव्हती. पश्चिमेला काम निघालं तर गाडी खाली ठेवून ते स्टेशनपर्यंत चालत जायचे आणि पादचारी पुलावरून पलीकडे उतरायचे. मला वाटायचं पार्किंगची कटकट नको म्हणून.

आता मला भांडण जिंकायचंच होतं, पण कारण बदललं होतं. माझा हिशेब सरळ होता: पेट्रोलने काही फरक पडत नाही हे पटलं, की साधं भरल्याचा दोष बाबांवर राहत नाही. मग ते सुटतील. रात्री मी म्हटलं, "बाबा, आपण पुलावरून जाऊन बघू. तुमच्याच भारीतल्या पेट्रोलवर. मग टाकी संपली की साध्यावर." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "रविवारी सकाळी जाऊ. गर्दी कमी असते." झोपायला गेल्यावर मला भीती वाटायला लागली. भारीतल्यावर गाडी पूल अलगद चढून गेली आणि साध्यावर अडली तर? मॅडमच्या सुनेच्या गोष्टीवर मी बापाचा जीव टांगायला निघाले होते.

रविवारी बाबांनी आंघोळ करून गाडी पुसली, नारळ घेतला. पुलाच्या अलीकडे गाडी कडेला लावली. मी पुढे बसले होते, तर म्हणाले, "मागे बस. त्या दिवशी बसली होतीस तशी." मग खाली उतरून गाडीसमोर उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. आमच्या गावी कुठल्याही कामाआधी देवाला सगळं मोठ्याने सांगायची रीत आहे. एकजण सांगतो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला होकार देतो. वसईच्या रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांच्या समोर, माझे अबोल बाबा हात जोडून खणखणीत मालवणीत बोलत होते. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक वाटता पेट्रोलान काय फरक पडणा नाय. माका वाटता, पडता. खरा काय ता आज दाखव रे म्हाराजा!" आणि थांबले. कुणीतरी होकार द्यायला हवा होता. गावाला पन्नास गळे एकदम गर्जतात. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हटलं, "व्हय म्हाराजा." माझ्या एकटीचा आवाज इतका बारीक निघाला की मलाच कसंतरी झालं. "आणि काय चूक झाली आसात तर पदरात घे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा." नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं, आणि आम्ही निघालो.

सपाटीवर गाडी सुटली, बाबांनी टॉप टाकला, चढ लागला. टाकीत काठोकाठ भारीतलं. निम्मा चढ गेला आणि गाडी थरथरली. मग गचका, मग आणखी एक. तोच खडखड आवाज. बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला तशी ती जास्तच गचके द्यायला लागली आणि माथ्यावर पोचता पोचता बंद पडली. अगदी तशीच. मी खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. "बघा! बघा बाबा, भारीतलंच आहे, तरी पडली! पेट्रोलचा काही संबंध नाही!" बाबा खाली बघत होते, आपल्या डाव्या हाताकडे. हात गिअरवर होता.

"टॉपमध्ये हाय," ते म्हणाले.

मला कळलं नाही. "काय?"

"चढाला खाली आणायचा असतो. मी आणलाच नाय. आज पण नाय, त्या दिवशी पण नाय." हात तसाच ठेवून म्हणाले, "पेट्रोल नव्हता, बाय. मीच होतो."

मागून हॉर्न सुरू झाले. माझा आनंद कुठल्या कुठे गेला. मी त्यांना सोडवायला आणलं होतं. पेट्रोल हा त्यांचा आडोसा होता, इतके महिने ते त्याच्या मागे कसेबसे उभे होते, आणि मी तो मोठ्या हुशारीने काढून घेतला होता. त्यांची पाठ मला दिसत होती, शर्टावर घामाचा डाग पसरत चालला होता. या माणसाला आता घरी नेऊन काय करायचं, कशावरून भांडायचं, मला काही सुचेना. पुलावर मिठागरांकडून वारा येत होता. खिडकी उघडी होती. आणि मग मला ते आठवलं असं नाही म्हणता येणार, कारण मी ते विसरलेच नव्हते. फक्त आमच्या घरात त्या दिवसाचं कुणी काही विचारत नव्हतं, आणि न विचारता सांगायची रीत आम्हा दोघांनाही नव्हती.

"बाबा," मी म्हटलं, "इथे गाडी बंद पडली ना, तेव्हा आई बोलली होती."

त्यांनी गिअरवरचा हात उचलला.

"तुम्ही चावी फिरवत होता. मी घाबरले होते, तिला म्हणत होते, आत्ता सुरू होईल, आत्ता होईल. तर ती म्हणाली, रवांदे गो. वारो बरो लागता."

राहू दे गं. वारा बरा वाटतोय. घरातली खिडकी उघडली तर म्हणायची तसंच म्हणाली होती. बाबा वळले. सीटवरून मागे बघायला त्यांना कष्ट पडत होते, पण पूर्ण वळले. "माका कसा आयकाक इला नाय?"

"तुम्ही गाडीला शिव्या देत होता."

त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की रडू मला आजही ठरवता येत नाही. मग म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. "हसून म्हणाली?" मी म्हटलं, हसून नाही, पण त्रासूनही नाही. माझा हात धरला होता. थोडं बरं वाटत असावं. मागचा रिक्षावाला उतरून आला, "काका, धक्का मारू काय?" म्हणाला, आणि आम्हा दोघांचे चेहरे बघून परत गेला. बाबांनी डोळे पुसले, पहिला गिअर टाकला, आणि गाडी काही न कुरकुरता पलीकडे उतरली.

सरळ माणसं सरळपणे बदलतात अशी कुणाची समजूत असेल तर सांगते, पेट्रोल त्यांनी भारीतलंच भरलं, गाडी विकेपर्यंत. "आता सवय लागली तिला. मधेच तोडू नये," म्हणायचे. मी वाद घातला नाही. वाद घालायची गरज उरली नव्हती, कारण आता ते जेवताना विचारायचे, "सांग गो, पुलावर काय म्हणाली?" मी सांगायची. गावाहून आत्या आली की मला स्वयंपाकघरातून बोलावून सांगायला लावायचे. फिलिपकाका केळी घेऊन आले की त्यांनाही. ते बिचारे खाली मान घालून ऐकायचे. माझं लग्न झालं, मी दुसरीकडे राहायला गेले, तरी फोनवर शेवटी तेच.

पुढे पुढे मला सांगावं लागेना. बाबा स्वतःच सांगायला लागले. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याजवळ राहायला आले होते. भेटायला कुणी आलं की उशीला टेकून सुरू व्हायचे. "मी स्टिअरिंगवर होतो. गाडी बंद. मला घाम फुटलेला. आणि ही मागून म्हणाली, 'अवो, रवांदे. वारो बरो लागता.' एवढ्या हालात मला धीर देत होती." ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायची. आई ते शब्द माझ्या मांडीवरून, माझ्याकडे बघून म्हणाली होती. मी ट्रे ठेवायची आणि म्हणायची, "हो, असंच म्हणाली. मी होते ना तिथे."